उलटं शहर, सुलटं वल्हं

आंझोलोनं छापयंत्रावरच्या तांब्याच्या पत्र्यावरून ओला कागद सोलून काढला आणि तो खिडकीशी नेऊन निरखला.

चर्चचा घुमट जागेवर होता. काठावरच्या हवेल्या, घाटाच्या पायऱ्या, सगळं जिथल्या तिथं. तांब्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून सगळं शहर त्यानं आरशात बघून कोरलं होतं. होडीला मात्र आरसा कशाला? व्हेनिसमध्ये जन्मलेला माणूस गोंडोला डोळे मिटून काढतो. तशीच काढली. आणि आता कागदावरचा नावाडी डाव्या बाजूनं वल्हं मारत होता.

नावाडी म्हणजे ओर्सोलाचे वडील, ताद्दिओ. चित्र त्यांनाच भेट द्यायचं आणि ओर्सोलाला मागणी घालायची, असा आजचा बेत.

“बाबांना आता नीट दिसत नाही,” शेजारी उभी असलेली ओर्सोला कुजबुजली. “देऊन टाक.”

तोवर ताद्दिओ दारात हजर. कागद उजेडाकडे धरून त्यांनी घाटाची फुटकी पायरीसुद्धा ओळखली. मग त्यांचं बोट थांबलं.

“हा कोण?”

“तुम्हीच, सिओर.” आंझोलो म्हणाला. “वल्हं चुकलं. माझाच गाढवपणा.”

“उभा जन्म उजवीकडून वल्हं मारलं मी! असं मारलं तर होडी भोवऱ्यासारखी फिरेल. अख्खा घाट हसेल मला!”

कागद टेबलावर टाकून ते निघाले. ओर्सोलाचे डोळे भरून आले. जाता जाता ताद्दिओंची नजर यंत्रावरच्या पत्र्यावर पडली. त्यांनी बाहीनं शाई पुसली आणि नाक टेकेल इतके वाकून पाहिलं.

“अरे! इथं तर मी बरोबर आहे.”

“हो, पण सिओर, त्यात शहर उलटं आहे.”

“असू दे की. शहराला कुठं वल्हं मारायचंय?”

त्यांनी पत्रा उचलून कोटाच्या आत घातला. त्या पत्र्यावरून आंझोलोला वर्षभर विकायला पुरतील इतकी चित्रं छापता आली असती. पण “न्या, न्या,” म्हणताना त्याला छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं.

खिडकीखाली गोंडोला काठापासून सुटली. ताद्दिओंनी उजव्या बाजूनं वल्हं पाण्यात घातलं आणि वर न बघताच हाक दिली,

“रविवारी जेवायला या, जावईबापू! चमचा तेवढा उजव्या हातात धरा.”