गार नळी

रक्तातला एक घटक मोजून सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात भिनलेला रुग्ण तगेल की नाही, याचा अंदाज आमच्या लॅबमधलं यंत्र देतं. रक्ताची नळी यंत्रात लावण्याआधी हातात घेऊन हलकेच उलटसुलट करावी लागते. रुग्ण तापाने फणफणलेला, रक्त नुकतंच काढलेलं, त्यामुळे ती कोमट लागते.

एखादी मात्र बर्फासारखी गार असते.

मग यंत्र आकडा कितीही चांगला देवो, तो माणूस घरी जात नाही. हे फक्त मला आणि माईला ठाऊक आहे. माई लॅबमध्ये माझ्याहून जुनी आणि तोंडाने फटकळ. डॉक्टरांना सांगू या का, असं मी एकदा विचारलं होतं.

"काय सांगणार? माझा हात ज्योतिषी आहे म्हणून?" असं म्हणून ती कितीतरी वेळ हात धूत राहिली.

आज माझी लेकच सेप्सिसने वॉर्डात आहे. तिची नळी आली तेव्हा माईने मला खुर्चीवरून उठूच दिलं नाही. "बस तू. मी लावते."

पडद्यावर आकडा उमटला. कालच्या निम्मा! लगेच डॉक्टरांचा फोन आला. "अहो, पोरगी सुटली यातून!" माझ्या जिवात जीव आला.

मी वळून पाहिलं. माई खिडकीशी, उन्हात उभी होती. यंत्रातून काढलेली नळी तिने दोन्ही तळव्यांत घट्ट धरली होती आणि तिच्यावर ती तोंडाची वाफ सोडत होती.

"माई, नळी दे इकडे."

"थांब रे जरा," ती म्हणाली. तिचे दात थंडीने वाजत होते.