मागची चाकं

मिस्त्रींनी गाडीच्या मागच्या चाकांना दोरी लावून पुन्हा मापून पाहिलं. माप तेच आलं. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवलं होतं, अगदी तेच.

"हललेलं नाही," ते म्हणाले. "मी ठेवलं तसंच आहे."

धाकटी सून दिवा धरून उभी होती. हे वाक्य ती आठवडाभर ऐकत होती.

गाडी तिच्या नवऱ्याची, मिस्त्रींच्या धाकट्या मुलाची. दोन सीटची, जमिनीला टेकलेली, लाल. मोकळ्या मैदानात शंकू मांडतात आणि घड्याळ लावून एकेक गाडी त्यांच्यामधून सोडतात, त्या शर्यतीचं त्याला वेड होतं. तो भाग घ्यायचा साध्या टायरच्या गटात. ज्या टायरवर रस्त्यावर फिरायचं, त्याच टायरवर शर्यत आणि त्याच टायरवर परत घरी. टायर बदलायचे नाहीत म्हटल्यावर सगळी करामत टायरमधल्या हवेत, स्प्रिंगांत आणि चाकांच्या कोनात. ती मिस्त्रींची.

धाकट्याला घरात सगळे टिल्लू म्हणत. गाडीत त्याने हलकी सीट बसवून घेतली होती. ती सरकत नसे, चार बोल्टांनी फरशीला आवळलेली होती. सगळ्यात पुढच्या भोकांत बसवल्याशिवाय त्याचा पाय क्लचला पोचायचा नाही. थोरला भाऊ ताडमाड. सरावाला त्याला एखादी फेरी मारायची हुक्की आली की सीट खोलून मागे घ्यायची, आणि निघताना टिल्लूने कुरकुरत परत पुढे आणायची. "तुझे पाय कापून आण, नाहीतर मला तरी लांब कर," असं तो भावाला म्हणायचा. तेव्हा सगळे हसायचे.

शंकूंमधून गाडी चटकन वळावी म्हणून मिस्त्रींनी मागची चाकं किंचित बाहेरच्या बाजूला वळवली होती. मैदानात त्याने गाडी भोवऱ्यासारखी फिरायची. पण ओल्या रस्त्यावर वेगात तीच गाडी मागून निसटू शकते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. येताना सावकाश ये, एवढं सांगून ते मोकळे झाले होते.

पावसात सरावाहून परत येतानाच गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. त्याआधी तिने कडेने चालणाऱ्या एका बाईला उडवलं. बाई जागीच गेली. धाकटा दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. थोरला म्हणाला, मी शेजारी बसलो होतो. मोडक्या हाताने त्याने भावाला ओढून बाहेर काढलं होतं. लोक जमले तेव्हा दोघंही रस्त्यावरच होते.

मेलेल्याला उलट बोलता येत नाही. गल्लीने धाकट्याला खुनी ठरवून टाकलं. त्या बाईचा नवरा एकदा दारात येऊन उभा राहिला, सुनेकडे पाहत राहिला आणि न बोलता निघून गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. ती भेटेल त्याला एकच सांगायची, ते रस्त्यावर असे चालवत नव्हते. ऐकणारे मान डोलवायचे आणि विषय बदलायचे.

मिस्त्रींनी वेगळीच हाय खाल्ली होती. पोराने वेग केला नसेल, माझ्याच मापाने त्याला मारलं, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं. अन्न गोड लागेना. गाडी पोलीस ठाण्यातून सुटून आली तशी त्यांनी शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवली. किल्ली कमरेला. वर्ष उलटल्यावर ताडपत्री काढून पुढचा सगळा भाग एकट्याने बदलला, पण गाडीच्या आत काही गेले नाहीत. दार उघडायला हातच धजत नव्हता.

त्यांचं ठरलं होतं. रविवारी शर्यत होती. त्याच मापावर, त्याच टायरवर गाडी न्यायची, मैदानाच्या कोपऱ्यात पाणी मारून घ्यायचं आणि वेगात वळवून बघायची. मागून सुटते की नाही, एकदाचं कळू दे. चालवणार थोरला.

थोरला वर्षभर शेडकडे फिरकला नव्हता. तो नकोच म्हणत होता.

"बाबा, तुमची काही चूक नाही," तो म्हणाला. "त्याचा पायच जड होता. सोडून द्या आता."

शेवटी सुनेनेच त्याला गळ घातली. "दादा, तेवढं करा. नाहीतर बाबा झुरून जातील." तेव्हा कुठे तो तयार झाला.

शनिवारी दुपारी मिस्त्रींनी चारही चाकांखाली वजनकाटे ठेवले. कोणत्या चाकावर किती भार येतो ते पाहून स्प्रिंगा वरखाली करायच्या असतात, आणि चालवणारा आत बसल्याशिवाय त्या मापाला अर्थ नसतो. सून आकडे वाचायला बसली. सीट मागे घ्यावी लागणार म्हणून मिस्त्रींनी पाना काढून ठेवला.

थोरला आला तो घाईतच. लवकर उरकू म्हणाला. मिस्त्री पाना घेऊन वळसा घालून येईपर्यंत त्याने दार उघडलं आणि आत बसलाही. कुठेही न बघता पट्टा ओढून लावला.

सुनेने पहिला आकडा वाचला. दुसरा वाचताना ती थांबली आणि उठून उभी राहिली.

"क्लच दाब," मिस्त्री म्हणाले.

थोरल्याने दाबला.

"पूर्ण दाबला जातो?"

"हो."

"गुडघे अडत नाहीत?"

"नाही बाबा. बरोबर आहे सगळं."

मिस्त्री दाराशी वाकले. सुनेने दिवा सीटच्या पायाशी धरला. चारही बोल्ट मागच्या भोकांत होते, वर्षभराच्या धुळीने माखलेले. पुढची भोकं रिकामी होती.