वायरीचा ढोल

"सेलवाला नको," सोनाबाई म्हणाली. "तो वायरवाला बांध."

दुकानदार कमलाकरशेठ बावरून तिच्या लेकाकडे, मिथुनकडे पाहू लागले. पनवेलच्या बाजारात वाद्यं विकण्यात त्यांची हयात गेली होती. पण इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्यायला आलेली आणि वर स्वतःचंच खरं करणारी मासळीवाली त्यांना पहिल्यांदा भेटत होती. टेबलावर दोन पॅड होते. दोन्ही जुने, ऑर्केस्ट्रावाल्यांनी वापरून काढलेले. नवाकोरा घ्यायचा तर मायलेकांना होडी विकावी लागली असती. एक पॅड लहान, सेलवर चालणारा, पोटातच स्पीकर असलेला आणि वर स्वस्त. दुसरा थोरला, रबराच्या आठ चौकोनांचा, खणखणीत आवाजाचा, पण भिंतीतल्या विजेशिवाय मुका.

"मावशी, तुमच्या गावात विजेचा काय भरवसा?" कमलाकरशेठ समजावू लागले. "ऐन हळदीत गेली, तर पोरगा हात चोळत बसेल. सेलवाला घ्या. तो कधीच बंद पडणार नाही."

"म्हनूनच नको."

मिथुनने कपाळाला हात लावला. पॅडशिवाय आता त्याच्या बेंजो पार्टीला कुत्रंही विचारत नव्हतं. हळद असो की साखरपुडा, लोकांना नुसता ढोल नको होता, पॅड हवा होता. म्हणून तर त्याने महिनाभर आईची मनधरणी केली होती. दोन बोंबलांवरून गिऱ्हाइकाला पाणी पाजणारी ही बाई आज जास्त पैसे मोजून अडेल वस्तू घेत होती. पण पैसे तिच्या टोपलीतले होते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. त्याने पॅड उचलून खांद्यावर घेतला.

एसटी स्टँडवर पॅड मांडीवर घेऊन बसल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. "आये, असा का केलास?"

सोनाबाईने पदराने तोंड पुसलं. ती धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्याच गळ्यातून निघायचं. धवला झाल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागायची नाही. सासूने मरता मरता तिच्याकडून एकेक ओळ घोटून घेतली होती. आणि गेल्या तीन लग्नांत तिचा धवला नवरीनेसुद्धा ऐकला नव्हता. तिने तोंड उघडलं की पार्टी ढोल बडवायला लागायची, आणि शेवटी तिच्या हातात लुगडं-नारळ ठेवून तिची बोळवण व्हायची. तिला याचा संताप यायचा. घरी गेल्यावर रडूही यायचं, पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"चामड्याच्या ढोलाला कोन गप करनार?" ती म्हणाली. "वाजवनारा पिलेला, त्याचे हात कोन धरनार? याची वायर खेचली का हा मेला. माझा धवला होईस्तोवर मी वायर खेचनार."

मिथुनचा चेहरा पडला. "म्हंजे पार्टी माझी, न् माझाच वाजप तू बंद पाडनार? परत कोन बोलवनार आमाला?"

 त्यानंतर मायलेक कामापुरतंच बोलत होते.

आठ दिवसांनी कोन गावात हळद होती; धवला सोनाबाईचा, पार्टी मिथुनची. तिन्हीसांज झाली, मांडवात बल्बांच्या माळा लागल्या. पॅड, बेंजो, भोंगे, सगळं आवाज वाढवणाऱ्या एका मशीनला जोडलं होतं आणि मशीनची पिन ओटीवरच्या विजेच्या बोर्डात होती. नवरी पाटावर बसली. सोनाबाईने हळदीची वाटी हातात घेतली आणि धवला धरला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच नवरीचा काका बुधाजी मांडवाच्या मध्ये येऊन उभा राहिला.

"बास गो बाय आता. पोरं नाचायला उभी हायत. वाजव रं मिथुन."

मिथुनने आईकडे पाहिलं नाही. त्याने वाजवायला सुरुवात केली. मांडव थरथरला, पोरं उड्या मारू लागली.

सोनाबाई उठली, सरळ ओटीवर गेली आणि तिने पिनेला हात घातला. बुधाजी मागोमाग आलाच. त्याने तिचा हात बाजूला केला आणि बोर्डाला पाठ लावून, हाताची घडी घालून उभा राहिला. चार माणसं हसली. नवरीच्या आईने खाली बघितलं.

दुसरी कुणी असती तर वाटी आपटून घरी गेली असती. सोनाबाई पाटाशी परत आली, नवरीसमोर मांडी घालून बसली आणि पहिल्या ओळीपासून गाऊ लागली. कुणाला ऐकू येईना. तिचं तिलाही येईना. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, पण तिने एक ओळ गाळली नाही. हळदीला पुढे आलेले हात तिने दोनदा मागे सारले. वाटी तिने पदराखाली घेतली. धवला संपल्याशिवाय ती वाटी कुणाच्या बापाला मिळणार नव्हती.

सातव्या की आठव्या कडव्याला तिला एकाएकी स्वतःचा आवाज ऐकू आला.

तो सगळ्यांनाच ऐकू आला. नाचणारी पोरं होती तिथे थांबली. नवरीने मान वर केली. बुधाजीने वळून बोर्डाकडे पाहिलं. पिन जागच्या जागी होती. मग त्याची नजर पार्टीकडे गेली. पॅडवर काठ्या आडव्या ठेवून मिथुन उभा होता, आणि मशीनच्या मागून उपटलेली वायर त्याने मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरली होती.

"काय झाला रं?" बुधाजी गरजला.

"लाईट गेली, काका," मिथुन म्हणाला. त्याच्या डोक्यावर शंभर बल्ब लखलखत होते. "आयचा धवला झाला का येल."