खिंडीतला गोटा

तुकाबाई गेली हे कोंडीबाला कळलं तेव्हा तो मुळशीला धरणाच्या कामावर खडी फोडत बसला होता. तिचा भाऊ भैरू दुपारी खिंड उतरून आला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"दाजी, आक्का गेली. काल रातच्याला. साथीचा ताप, गावानं थांबू दिलं न्हाई. सकाळीच उरकलं."

 भैरूच्या मुठीत नदीतला गोटा होता, कोंडीबा तिकडे बघत राहिला.

खोऱ्यातली रीतच होती. खिंड चढणाऱ्यानं नदीतला एक गोटा बरोबर घ्यायचा आणि वर देवापाशी ढिगावर ठेवायचा. जुनी माणसं सांगत, शीण मातीतून तळव्यात शिरतो, नडगीत चढून बसतो आणि गोटा ठेवला की गोट्यात उतरतो. दुसऱ्यानं ठेवलेला गोटा मात्र उचलायचा नाही. त्याचा शीण आपल्याला लागतो.

"ह्यो ठेवला न्हाईस?"

"कुटं ठेवू? तितं ढीगच न्हाई."

ढीग कुठं गेला ते कोंडीबाला माहीत होतं. सकाळीच गाडीतून इथं येऊन पडला होता. गुळगुळीत गोटे बघून बायांनी हातोड्या खाली ठेवल्या. साऱ्या खोऱ्याचा शीण फोडायचा कुणी, असं धोंडाबाईनं विचारलं. मुकादम लांबचा. दगड तो दगड, भिंतीत गेला की झालं, म्हणाला. भिंतीला तरी पेलवंल का, असं धोंडाबाई पुटपुटली, तेव्हा सगळ्या हसल्या. कोंडीबाही हसला होता.

तो उठून त्या गोट्यांपाशी गेला आणि एकेक बाजूला सारू लागला. मागल्या आठवड्यात आजारी तुकाबाईला माहेरी पोचवताना तिचा गोटा तो मागत होता. तिनं दिला नाही. "माजा शीण तुमी कशाला वाहता?" म्हणाली आणि तांबड्या शिरेचा गोटा पदरात धरून, दर वळणाला बसत, चढली.

तो सापडला. कोंडीबानं उचलला.

"दाजी, दुसऱ्याचा गोटा उचलू ने."

"दुसऱ्याचा न्हाई," कोंडीबा म्हणाला आणि गोटा कनवटीला खोचला.

दोघं खिंडीत पोचले तेव्हा उन्हं कलली होती. देव जागेवर होता. ढिगाच्या जागी ओली उघडी माती, तिच्यात गाडीच्या चाकोऱ्या. भैरूनं आपला गोटा तिथं एकटाच ठेवला, हात जोडले आणि बाजूला सरून कोंडीबाकडे बघत उभा राहिला.

कोंडीबानं वाकून नडग्या चोळल्या. मग पलीकडची उतरण धरली.

तुकाबाईचा गोटा कनवटीलाच राहिला.