संपादक, मलेबी शिव्या द्या!

अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकलेचा होता तोच राहिला. अमरावतीच्या दाजिबा संपादकांचं वर्तमानपत्र मात्र कोणी घेईना. शेवटचाच अंक म्हणून त्यांनी मनातलं छापून टाकलं: "खुशालराव पाटील महामूर्ख आहे. बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा ठोकतो!"

मार पडणार म्हणून दाजिबा दाराला कडी घालून बसले. खुशालराव आले ते पेढे घेऊन. "शंभर अंक द्या. सोयऱ्याधायऱ्यांत वाटतो. आपल्या घरी चांदी हाये हे छापून आलं न बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी छापखान्यापुढे पाटलांची रांग लागली.

"मले उधळ्या लिवा."

"मले त्याच्याहून मोठा गाढव लिवा. मी बैलाले तूप पाजतो!"

वर्तमानपत्र तरलं, दणक्यात चाललं. पण दर आठवड्याला शिव्या लिहून दाजिबांनाच वीट आला. एकदा त्यांनी चांदूर बाजारच्या नत्थुजींबद्दल खरं तेच छापलं: साधा, काटकसरी, सज्जन माणूस.

नत्थुजी काठी घेऊनच आले. "पोरीचं लगन जमून राहिलं होतं, दाजिबा! तुमी तं मले चारचौघांत भिकारी करून टाकलं!"