चारवरची तार

अ‍ॅक्रॉइडबाई काहीतरी लपवताहेत, असं दुरुस्तीला आलेल्या डेस्मंडला अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे बघताच वाटलं. स्पीकर एकच, आठ ओहम रोधाचा; त्याची तार मात्र आठ सोडून चारच्या खुंटीला.

"बाई, एकाच तारेला असे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले तर रोध आठाचा चार होतो. दुसरा कुठे ठेवलाय?"

"दुसरा कशाला असेल? रेजीनं लावलंय, राहू दे तसंच," चहा ओतत त्या म्हणाल्या. रेजीला, त्यांच्या नवऱ्याला, हॅलिफॅक्सच्या दफनभूमीत पुरून वर्ष झालं होतं.

डेस्मंडनं तार अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून तिला रोध मोजायचा मीटर लावला. चार. म्हणजे दुसरा होताच. त्यानं गालिचा उचलून पाहिला, भिंत चाचपली. हातभर तार सरळ स्पीकरला जात होती, आणखी कुठेही नाही.

मग त्यानं स्पीकरही सोडवला. टेबलावर नुसती तार उरली. आता काटा हलायलाच नको होता. तो आठवर जाऊन थांबला.

"कोण चेष्टा करतंय?" डेस्मंड पुटपुटला.

मीटर लावलेल्या स्पीकरसमोर कुणी बोललं की काटा थरथरतो, हे त्याला ठाऊक होतं. खोलीत आता कुणीच बोलत नव्हतं.

काटा थरथरू लागला.

"बाई, हे..."

"मध्ये बोलू नकोस," त्या म्हणाल्या.