दुसरी वाट

लहानपणी किल्लारीच्या भूकंपात दीड दिवसानं ढिगाऱ्याखालून निघाली, तेव्हापासून रुक्मिणबाई कुठल्याही इमारतीत शिरली की आधी बाहेर पडायची दुसरी वाट शोधायची. लेकीच्या लातूरच्या हॉस्टेलवर पहिल्यांदा आली, चार मजले चढून धापा टाकत टेकली, अन् पाण्याचा घोट घ्यायच्या आधी तिनं तेच विचारलं.

ज्ञानेश्वरी कॉम्प्युटरचं पुस्तक मिटून हसली. "माय, कंपायलर काय करतो ठाव हाय का? प्रोग्राममधली एखादी ओळ कधीच चालणार न्हाई असं दिसलं, की तो ती काढूनच टाकतो. उगं जागा कशाला अडवायची? तूबी ती ओळ काढ आता डोक्यातून."

"अन् जमीन हलली तर?"

"इतक्या वर्षांत पुन्हा तसा भूकंप आला का?"

"लई शानी झालीस." रुक्मिणबाईनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "पण मागून जिना हाय ना? तेवढं सांग, मग जेवू."

ज्ञानेश्वरीचं हसू विरलं. तिनं खोलीच्या चारी भिंतींकडे पाहिलं.

"व्हता, माय. कुणीच वापरत न्हाई म्हणून मालकानं काढून टाकला, अन् त्याच जागेत ही माझी खोली बांधली."